अकरा नंबरची टाच

'बेडसोअर' टाइप केलं,
एकेचाळीस हजार शोधनिबंध आले.
तांबोळी मॅडमनी माउस बाजूला सारला :
"वॉर्डात काय पाहिलंस, ते सांग आधी."

अकरा नंबर. जतचे आजोबा. टाच काळी पडत चाललेली.

जुन्या कॅटलॉग-कार्डाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं :
टाच किंवा पाऊल
आणि उशी
भाजलेले वगळून.
उरले सतरा.

मिरज स्टँडवरून माझी एसटी एव्हाना सुटली असणार.
नवव्या निबंधात सापडलं :
पोटरीखाली आधार द्या, टाच अधांतरी ठेवा.

हे तर त्यांची म्हातारी परवापासून करत होती,
लुगड्याची घडी सरकवून.
मीच काढायला लावली,
राउंडआधी बेड नीट दिसावा म्हणून.

संदर्भसूची लिहायला घेतली.
आधी आडनाव, मग आद्याक्षर.
म्हातारीचं नाव
मी विचारलंच नव्हतं.