राव

चिखलीला, शाळेच्या सुट्टीतल्या वर्गात
आठ उड्डाण-शिक्षक चौथीच्या बाकांवर बसलो,
गुडघे छातीशी.
फळ्यावर शेवटच्या दिवसाचा सुविचार होता,
तो पुसायला कुणाचा हात होईना.
धावपट्टी आम्ही सुविचाराच्या खाली काढली.

निमित्त तन्वेश.
अठ्ठावीस तास उड्डाण, तीन शिक्षक,
आणि एका दुपारी
पुढचं चाक दुमडून पट्टीवर नाक टेकलेलं विमान.
त्याला खरचटलंही नाही.
चौकशीत त्यानं एवढंच लिहिलं:
फुर्तादो सर म्हणतात, पट्टीच्या टोकाकडे बघ.
शिंगाडे सर म्हणतात, नाकासमोर बघ.
मॅडम म्हणतात, बघू नकोस, बसल्या जागी जाणव.
मी तिघांचंही ऐकलं.

ती मॅडम मी.

कुणीतरी पंखा वाढवायला उठलं.
तो एकाच वेगाचा होता.

परवापर्यंत आम्ही आपापल्या वह्या
लोणच्याच्या मसाल्यासारख्या लपवायचो.
आज त्या बाकांवर उघड्या.
माझ्यात चार वर्षांत
एकोणऐंशी वेळा ‘ठीक’.
‘ठीक’ला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.
फुर्तादो, नौदलात बावीस वर्षं काढलेला,
म्हणाला, माझा हात दांड्यावर लवकर जातो,
पोरांना चुकायलाही मिळत नाही.
शिंगाडे म्हणाले, माझा उशिरा.
मग खिडकीबाहेर बघत, थोड्या वेळानं,
‘एकदा फारच उशिरा.’
त्यावर आम्ही काही विचारलं नाही.

मागच्या भिंतीशी सोनू च्यारीनं केलेली
प्लायवूडची कॉकपिट.
तो एरवी चतुर्थीची मखरं करतो,
म्हणून कडेला वेलबुट्टी आलीच आहे,
आणि पायाखाली शिलाई मशीनचं पायडल.
एकेकानं आत बसायचं, डोळे मिटायचे,
शेवटचे दहा फूट मोठ्यानं बोलायचे,
डावीकडे तन्वेश आहे असं धरून.

ओढ, म्हणाला एक.
उचल. धर. सोडू नको. थोपव, थोपव.
मी म्हटलं, तरंगू दे,
आणि माझं मलाच ते कवितेसारखं वाटलं.
आठवा फुर्तादो. बराच वेळ गप्प.
मग कोकणीत, अगदी हळू:
राव.
राव.
राव.

शिंगाडे बारामतीचे, त्यांना हसू फुटलं.
आमच्याकडे ‘काय राव’ म्हणजे कपाळाला हात!
फुर्तादो डोळे मिटूनच होता.
चोडणची फेरीबोट, म्हणाला,
पाय स्कूटरच्या मागे मी,
फळी धक्क्याला टेकायच्या आधीच
सगळ्यांच्या गाड्या गुरगुरायच्या.
पाय म्हणायचा, राव.
फळी पाण्यावर लोंबत यायची, यायची,
आणि आपली आपण टेकायची.

पाय म्हणजे बाप, मी शिंगाड्यांना सांगितलं.
ते आता हसत नव्हते.

खडूनं लिहिलं:
पन्नास फुटांवर नजर टोकाला.
दहा फुटांवर राव.
हात घालायचाच तर आधी तोंडानं ‘माझ्याकडे’,
आणि पोरानं ‘तुमच्याकडे’ म्हटल्यावरच
त्याचे हात सुटावेत.
आडव्या वाऱ्याचं भांडण मात्र मिटलं नाही,
दोन खडू मोडले,
भजी गार झाली, ते पुढच्या रविवारवर गेलं.

मंगळवारी सकाळी दाबोळीच्या पठारावर
नौदलानं दिलेला पाऊण तास.
तन्वेश, शेजारी शिंगाडे.
कुंपणाशी मी, तांबडी धूळ चपलेत.
आतलं काही ऐकू येत नाही तिथे.
विमान पट्टीवर आलं,
नाक किंचित वर,
चाकांखाली हातभर उजेड,
आणि माझे ओठ हलत होते.

एक छोटी उडी घेतली त्यानं. मग बसलं.

वहीत ‘ठी’ लिहून झालं होतं.
ते खोडलं.
लिहिलं: नजर टोकाला होती.
दहा फुटांवर थांबला, पण शेवटी घाई, एक उडी.
शिंगाड्यांचे हात मांडीवर.
हे तिसरं त्यांनाच विचारून लिहिलं,
आणि खाली त्यांची सही घेतली.