तीस डिसेंबर, शुक्रवार

दरवर्षी शेवटच्या रात्री पाळक चर्चमध्ये
गावाचं वर्ष वाचून दाखवतात.
लिहिते मी.
वही गावाची, पेन माझं,
आणि चुका, लोक म्हणतात, त्याही माझ्याच.

दोन हजार अकरा. सामोआ.
जानेवारीत एक वादळ आमच्याकडे निघालं होतं,
वाटेत त्याला दुसरं काही काम आठवलं.
केळी तेवढी आडवी झाली, आणि सेउलीचं खुराडं,
जे वाऱ्याशिवायही पडलंच असतं.

मार्चमध्ये फासेगा गेली.
वय: तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.
डोळे गेल्यावर बावीस वर्षं चटया विणल्या,
शेवटची अर्धी आहे. सुना तिला हात लावत नाहीत,
गुंडाळूनही ठेवत नाहीत,
तिच्या कडेकडेने चालतात.

जुलैत आपली पोरं सिडनीत रग्बी जिंकली.
तिथे रविवारची दुपार, इथे शनिवारची संध्याकाळ:
म्हणजे उद्या जिंकलो, ते आज ऐकलं.
पोउओनोने आनंदाच्या भरात रेडिओ समुद्रात फेकला
आणि रात्रभर ओहोटीत तोच शोधत बसला, कंदील घेऊन.
हे लिहू नकोस म्हणाला.
लिहिलं.

सप्टेंबरच्या एकोणतीसला घंटा. लाटेला दोन वर्षं.
नावं पलीकडच्या बेटावरची, आमच्या गावची नव्हेत,
तरी वाचताना जिभेला
प्रत्येक नावाशी ठेच लागते.

मग डिसेंबर.
सरकारने सांगितलं, या गुरुवारनंतर शनिवार.
ज्यांच्याशी व्यापार, त्यांचाच वार.
खापरपणजोबांच्या काळी, अमेरिकेच्या व्यापाऱ्यांसाठी,
चार जुलै दोनदा आला होता म्हणे.
तेव्हा उसना घेतलेला दिवस
एकशे एकोणीस वर्षांनी परत केला,
बिनव्याजी.

गुरुवारी रात्री अकराला फुआतिनोच्या कळा सुरू झाल्या,
सव्वाबाराला मुलगी.
सुईण सिनिवा बोटं मोजत राहिली:
सव्वा तासाचं बाळंतपण,
एकोणतीसला सुरू, एकतीसला सुटका.
इओसेफो तीसला नऊ वर्षांचा होणार होता.
त्याने विचारलं, मग मी अजून आठचाच?
शनिवार पाळणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला म्हणाला,
देवाचा सातवा दिवस आता रविवारी येतो.
धाकटा काही बोलला नाही, त्याने मधला दरवाजा लावून घेतला.

आणि म्हातारा तुआला.
डॉक्टर आपियाहून येऊन सांगून गेले होते,
शुक्रवार काही काढत नाहीत.
नाहीच काढला. कुणीच काढला नाही.
शनिवारी उजाडताना त्याने डोळे उघडले
आणि कोको घातलेली तांदळाची पेज मागितली,
वर म्हणाला, गोड कमी आहे.

न उगवलेल्या दिवसाचा पगार मात्र सगळ्यांना मिळाला.
मलाही.
पगार घेतला, तर काम दाखवायला नको?
वहीत मी तारीख घातली, वार घातला,
आणि पेनाचं टोपण चावत बसले.
बाहेर डुकरं, चूल, बादल्यांचे आवाज,
सगळे शनिवारचे.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला, पागो पागोहून.
विमानाने अर्ध्या तासावर राहते,
पण तो किनारा जुन्या तारखेतच राहिला.
मी म्हटलं, तुझ्याकडे आज शुक्रवार ना?
म्हणाली, हो, का?
काय काय झालं सांग.
काय होणार? काही नाही.
सगळं सांग, मी म्हटलं, सरकारी काम आहे.
ती हसली. मग आठवून आठवून म्हणाली,
चादरी धुतल्या. पाऊस येईल वाटलं होतं.
नाही आला.

रात्री पाळक त्या ओळीशी थांबले,
चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे पाहिलं,
आणि मोठ्याने वाचलं:
तीस डिसेंबर, शुक्रवार. चादरी वाळल्या.

मागच्या बाकावरून तुआला ओरडला,
ऐकू आलं नाही, पुन्हा वाचा.