साडेबारा ते साडेतीन

सुफियान, हेल्मेट काढ आधी.
आता आरशात बघ,
कपाळावर दोन बोटं रुंद पट्टा उरलाय,
तेवढाच तू दापोलीहून आणलेला.
बाकीचा सोहारचा.

सावली इथं मोजून मिळते,
जून ते ऑगस्ट, साडेबारा ते साडेतीन,
कायद्यानं.
पत्र्याखाली चाळीस जण.
टेकबहादूर बुटांची उशी करून घोरतोय,
मोफिझुल डबा उघडून हुंगतोय,
पहाटे चारला भरलेला भात,
अकरालाच आंबलेला.
टाकून दे म्हणावं त्याला.
पोट गेलं की पाणी जातं,
आणि पाणी गेलेला माणूस
सळईसारखा ताठ उभा राहतो थोडा वेळ,
मग बघता बघता आडवा.
पाहिलाय मी एक. नाव विचारू नको.

पंधरा वर्षं सळया बांधल्या मी.
हातमोज्यातून चटका कसा आत येतो
ते तुला आता कळतंय.
तहान लागली तरी थांबायचो,
कारण संडास लांब अन् फोरमन जवळ.
संध्याकाळी खोलीवर
थंडगार काळं गोड फेसाळ काहीतरी
दोन बाटल्या, एका दमात.
वाटायचं, भागली.
मूत्रपिंडं मात्र लिहून ठेवत होती,
वाणी उधारी लिहितो तशी,
न बोलता.

म्हणून आता माझ्याकडं सळया नाहीत,
निळी पिंपं आहेत.
गावात सांगितलंय, सुपरवायझर झालो.

हे पिंप साधं. हे दुसरं लिंबू, मीठ, साखरेचं.
दवाखान्यातली बिन्सी सिस्टर चमचे मोजते,
मी जिभेला विचारतो :
घामापेक्षा कमी खारट. बास.
पहाटे पेज पिऊन निघत जा.
उकडा तांदूळ नाही, नसू दे,
बासमतीलाही पेज व्हायला लाज वाटत नाही.
वर लोणच्याचा खार.
दुपारी लबान. म्हणजे ताकच रे,
पासपोर्टवर नाव वेगळं, एवढंच.
खजूर खिशात ठेव, कच्चा कांदा मागून घे,
आणि तळलेलं शुक्रवारवर ढकल.

बाह्या खाली कर.
बनियनवर राबणारा शूर नसतो,
शिजत असतो.
पंचा भिजवून मानेवर, टोकं आत खोचून,
नाहीतर यंत्रात अडकायची.
ती मलमाची ट्यूब कंपनीनं वाटली
तेव्हा सगळे फिदीफिदी हसले,
मोफिझुलनं तर बायकोला न्यायला पेटीत ठेवली.
हसून झालं असेल तर लाव.
कानांच्या पाळ्या विसरू नकोस,
आणि नाक. नाक सगळ्यात पुढं जातं उन्हात,
शहाणपणा मागून येतो.

संडासाच्या दारावर रंगांचा तक्ता आहे,
पाच भाषांत. भाषा सोड, रंग बघ.
वाळल्या गवतासारखं फिकट असेल तर ठीक.
चहासारखं दिसलं
तर फोरमनकडं नाही, माझ्याकडं ये.
लाजू नको. मी लाजलो होतो.

आज कितीदा गेलास?
दोनदा?
खोटं बोलतोस. डोळे बघ तुझे.

रात्री आईचा फोन येईल,
जेवलास का विचारेल.
जेवलो म्हणशील.
प्यालास का, हे आया विचारत नाहीत,
त्यांच्या गावात विहिरी असतात.

म्हणून मी विचारतोय.

ही माझी बाटली.
डॉक्टरनं पेननं रेघ मारून दिलीय,
दिवसभरात इथपर्यंतच. त्यापुढं एक घोट नाही,
सूज चढते.
चाळीस जणांना पाजतो मी,
आणि सव्वातीन वाजले तरी
अजून रेघेच्या वर आहे बघ पाणी.
संध्याकाळसाठी राखतो.

भोंग्याला पंधरा मिनिटं आहेत.
घे. सगळी संपव.
अशी चोरून नको, माझ्यासमोर,
घशाचा आवाज येऊ दे जरा.