मंगळवारची मुसंडी

मंगळवारी सकाळी साडेसातला
टोलीडोच्या या टायर-दुकानाचं शटर वर ढकलतो,
कॉफीचं मशीन लावतो
आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला टीव्ही.
आवाज बारीक. तरी निवेदकाचा गळा काचेबाहेर येतोच.
बाह्या दुमडलेल्या, टाय मानेवरून सुटलेला,
टेबलावर मूठ आपटून तो ओरडतो, "मुसंडी!"

आठवड्यातल्या तीन धावा.
कुणी अडलेलं दार खांद्यानं उघडावं
तशी समोरची फळी उघडून गेलेला,
कुणी पाठीवर दोघांना घेऊन, एकाला पायाशी ओढत,
गोदामातला हमाल चालावा तसा रेषेपर्यंत.
जिंकेल त्याला बैलाचं शिंग, पितळेनं मढवलेलं.
मला हा कार्यक्रम आवडतो. खोटं कशाला बोलू?

डिसेंबरात ते जुन्या धावा काढतात.
तेव्हा मी येतो.

माझं नाव येत नाही. त्याचं येतं :
लारॉय थिबोडो, बावीस नंबर.
मी एकतीस. आधी पाठमोरा,
मग आडवा,
मग नुसते बूट.
सहा सेकंद. हळू करून दाखवली की अकरा.

माझा कोन बरोबर होता. हे कुणी म्हणत नाही म्हणून मी म्हणतो.
स्टॅनहोप सरांनी घोटून घेतलं होतं :
डोळ्यांकडे बघू नकोस, डोळे हूल देतात,
कमरेकडे बघ, कंबर खोटं बोलत नाही.
मी कमरेकडेच बघितलं.
कंबर खोटं बोलली नाही. सरळ माझ्यावर आली.

पाठीला माती लागली म्हणावं
तर माती गोठून पत्र्यासारखी झालेली.
वर आभाळ, त्यात त्याचा गुडघा,
आणि एक वास, जो टीव्हीवर येत नाही.

"अरेरे," मिसेस कोवाल्चिक म्हणाल्या,
हिवाळी टायरसाठी तासभर बसून होत्या,
"तो खालचा पोरगा उठला तरी का?"
म्हटलं, उठला, बाई.
तुमचे पुढचे दोन बसवून झालेत, मागचे बसवतोय.
त्यांना वाटलं मी विषय बदलला.

रात्री फोन येतो, बॅटन रूजहून.
आधी त्याची बायको. हळूच : आज बरा आहे.
मग तो. "एकतीस, आज दाखवली.
तो मीच ना?"
तूच.
"बघितलं, पण मला आतून काही सापडत नाही.
सांग ना."

मी सांगतो. हे काम माझ्याकडे कसं आलं कोण जाणे.
त्याच्या संघातल्या कुणाला विचारायचं तर
ते सगळे त्याच्या मागे होते,
समोर मी एकटाच.
तिसरा डाव, चार यार्ड हवे होते,
तू डावीकडे झुकल्यासारखं केलंस आणि झुकलाच नाहीस,
लिंडक्विस्टला एका हातानं बसवलंस,
मग मी.
"लागलं का तुला?"
दर वर्षी विचारतो.
दर वर्षी म्हणतो, थोडं.
आणि दर वर्षी त्या धावेत एखादा यार्ड घालतो.
मागून बायको हसते. तिला मोजता येतं.

"आणि वास कसला म्हणाला होतास?"
संत्र्याचा. तुझ्या श्वासाला.

मग तो गप्प होतो.
मी फोन ठेवत नाही, काउंटरवरचे नट गोळा करत राहतो.
"हाफटाइमला खायचो मी," तो म्हणतो,
"साल टाकायला जागा नसायची. मोज्यात खोचायचो."
हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.
मला माहीतच नव्हतं.

फोन तसाच चालू. तो तिकडे तिला सांगतोय,
"अगं ऐक, साल मोज्यात खोचायचो, डाव्या,"
आणि ती, कुठून कुठून सापडलेला आवाज काढून, हो म्हणतेय.
बाहेर रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी जाते,
हळू, पिवळा दिवा फिरवत.
टीव्ही मी मघाशीच बंद केला होता.