नावाआधीचा ठसा

पाविया. सकाळचे दहा. तिचिनो नदीचं धुकं
खिडकीच्या काचेला ओला गाल लावून उभं.
एर्सिलियाबाई खोका उघडतात,
वरचा झिरझिरीत कागद उचलतात हळूच,
झोपलेल्या माणसाची चादर उचलावी तसा.

टोपी, झगा, लेस, अंगठी.
कुणी एक कार्डिनल.
खाली नावाची पट्टी कोरी.

"अक्षरं कोरणारा कारागीर वेगळा असायचा," बाई म्हणतात,
"तो शेवटी यायचा. हा ठसा त्याच्या आधीचा."
म्हणजे सव्वादोनशे वर्षं हा गृहस्थ
भारी झग्यात बसून आहे
बारशाची वाट पाहत.

मी भिंग धरतो
आणि चेहराच नाहीसा होतो.
उरतात रेघा. गालाच्या उतारावर वळणाऱ्या,
हनुवटीखाली दाटीवाटीनं एकमेकींना छेदणाऱ्या,
दोन छेदांमधल्या चौकटीत एकेक ठिपका
तिळाएवढाही नाही.
कपाळावर रेघ बारीक होत होत थांबते,
पुढचं कपाळ नुसत्या कागदाचं.

झगा तांबडा, शाई काळी.
कुलचिन्हांच्या जुन्या लिपीत
उभी रेघ म्हणजे तांबडा.
कोरणाऱ्याला हे ठाऊक, म्हणून खांद्यावरून
साऱ्या रेघा उभ्याच उतरल्यात.
बराच वेळ पाहिलं की काळ्यातून तांबडं वर येतं,
राख फुंकल्यावर निखारा यावा तसं.

कोरणारा गाउदेन्त्सिओ त्रेकाते.
त्याची हिशेबाची वही शेजारच्या कपाटात:
लेस, एकोणीस दिवस.
चेहरा, अकरा.
डोळे, एक सकाळ.
आणि खाली, फिकट शाईत:
ओर्तेन्सियाने लेस पाहिली. दोन टाके चुकले म्हणाली.

मनगटापाशी, तिसऱ्या फुलात, सापडतात ते दोन टाके.
बायको बरोबर होती.
त्याने सुधारले नाहीत.
तांब्यावरची चूक मागून ठोकून वर आणावी लागते,
आणि जागा दुखरी राहते.

टाकीचे घाव सोसले तांब्यानं.
देवपण म्हणाल, तर ते कुणालाच आलेलं नाही:
डाव्या डोळ्याखाली हलकी सूज,
ओठाच्या कोपऱ्यात नुकतंच गिळलेलं काहीतरी,
विनोद असेल, नाहीतर कडू काढा.

"मूळ तैलचित्रात ही सूज नाही," बाई म्हणतात.
"नंतरच्या ठशांतही नाही. तिथे लॅटिनच्या तीन ओळी आहेत,
सगळ्या पदव्यांसकट. सूज घासून काढलीय."

मग आली कुठून?

अंगठी उजव्याच हातात छापली जावी म्हणून
चित्र उलटं कोरायचं;
उलटं दिसावं म्हणून समोर आरसा.
आरशात चित्र,
आणि चित्राच्या कडेला, वाकून बघणारा एकजण,
दिव्याजवळ, कितव्या तरी रात्री जागा.

बाई झिरझिरीत कागद परत पांघरतात.
नोंदीच्या कार्डावर आधीच टाइप केलंय:
व्यक्ती, एक.

या खोलीत शाईला बंदी आहे.
पेन्सिलला नाही.