पौनीकर कूलर्स कथा पुरस्कार

आधी पैसे बँक द्यायची. सहकारी.
ती बुडाली तेव्हा समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं
दोन मिनिटं उभे राहू या.
हसलं कुणीच नाही,
तिघांच्या ठेवी होत्या तिच्यात.

मग चिटणीस म्हणून मी हिंडलो.
धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, कथा कोण वाचतं हो आता,
रक्तदान ठेवा, बॅनर मी देतो.
नीटच्या क्लासवाले तयार होते,
फक्त शेवटी मुलगा पास झाला पाहिजे, प्रत्येक कथेत.
सराफ्यात चहा मिळाला. दोनदा.

कॉटन मार्केटमागं, पत्र्याच्या शेडखाली
पौनीकर स्वतः गवताच्या ताट्या मोजत होते.
"किती लागते?"
अकरा हजार, आणि स्मृतिचिन्ह.
"नाव मोठं टाकजा. अन् स्टेजवर आपला कूलर राहीन."
मी कथेचं महत्त्व वगैरे सुरू केलं
तर म्हणाले, "जाऊ द्या जी, तुम्हाले समजते ना, झालं."

मे महिन्यात महालातलं सभागृह निम्म्या भाड्यात मिळतं.
का, ते नागपुरात कुणी विचारत नाही.

कूलर कपाटाएवढा. त्यावर लाल अक्षरात पौनीकर,
घाट चढणाऱ्या ट्रकसारखा आवाज.
पहिल्या रांगेतल्यांचे केस उडत होते, असतील त्यांचे.
निरुपमा खोब्रागडे,
भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेली,
वाचायला उभी राहिली
आणि तिसऱ्या रांगेतून "जोरात, ताई"
आणि तिने माईक जवळ ओढला
तर माईकमधूनही कूलरच.

तेव्हा पौनीकर उठले.
गळ्यात हार तसाच. आम्हाला वाटलं, फोन आला असेल.
ते वाकले, स्टेजच्या कडेला गुडघा टेकला
आणि पिन ओढून काढली.
पातं थोडा वेळ फिरत राहिलं,
मग टाकीत थेंब पडायचे ऐकू आले,
मग तेही नाही.

मला ती कथा पाठ होती. शंभरपैकी त्र्याऐंशी दिले होते मीच.
चौथ्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं:
फेब्रुवारी ते जून ताट्यांमध्ये गवत भरणारी सकू,
ताटीमागं नऊ रुपये,
नाकात, पदरात, पोळीच्या कणकेत भुसा,
जुलैपासून काम बंद
आणि खोकला दिवाळीपर्यंत.
मी आधी सांगायला हवं होतं त्यांना.
चेक वटायचा होता.

दोनशे माणसं घामात बसून राहिली.
कार्यक्रमपत्रिकेचे पंखेसुद्धा
चौथ्या पानानंतर थांबले, किंवा मला तसं वाटलं.
पौनीकरांचं गंध ओघळून भुवईत उतरलं होतं.
त्यांनी ते पुसलं नाही.

नंतर, चहाच्या टेबलाशी,
"हे खरं हाय का, बाई?"
"गोष्ट आहे, काका."
"नाव का ठेवलं म्हणता तिचं?"
"सकू."
"आमच्याकडे होती एक तशी," म्हणाले,
आणि ताट्या मोजतात तशी बोटं मोडत राहिले,
"सक्करदऱ्याहून याची... नाही, ते दुसरी."
बोटं तिथंच थांबली.
मग फोटोवाल्याने पुठ्ठ्याचा मोठा चेक सरळ धरायला सांगितलं.
पिन परत लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता फेब्रुवारी उजाडला.
"सस्नेह नमस्कार" इथपर्यंत पत्र लिहून झालं आहे,
पुढं "गतवर्षीप्रमाणे" लिहावं की नाही
यावर चार दिवस अडलोय.

सकाळी त्यांचाच फोन.
मागं हातोडीचा आवाज, सीझन सुरू झालेला.
"त्या बाईचं नाव आठवलं. लिहून घेजा.
बेबी शेंडे."
कशासाठी, मी विचारलं.
"मले का माहीत. तुमच्याजवळ राहू द्या."

पुरस्काराचं काही बोलले नाहीत.
मीही काढलं नाही.
नाव पत्राच्याच कागदावर लिहिलं गेलं,
नमस्काराच्या खाली.