मापाड्याचं मत

मिरचीला पाणी मारलं की वजन वाढतं.
दोंडाईच्याच्या मार्केटात हे शेंबडं पोरगंही सांगेल.
मूठभर उचलायची, कानाशी हलवायची.
बी वाजलं तर कोरडी.
नाही वाजलं तर शेठ, तुमचं तुम्ही बघा.

तेवीस वर्षं मी काट्यावर उभा आहे
आणि तेवीस वर्षं नवयुवक मंडळाची एकही मॅच चुकवली नाही,
बायकोचं ऑपरेशन होतं ती सोडून.
(तीही आपण हरलो.)

यंदा हिलालशेठनी सुरतेहून चौघं आणले.
कसे निवडले?
मोबाइलवर. बारा सेकंदांचा व्हिडिओ,
एक पोरगा गॉगल घालून सिक्स मारतो,
मागे कोणीतरी शिट्ट्या फुंकतं.
बाउंड्री किती लांब, ते त्यात दिसत नाही.
समोर बॉलर कोण, तेही नाही.
कानाशी धरून हलवलं कोणी?

सकाळच्या पॅसेंजरने उतरले,
लॉजवर एसीची खोली मागितली,
रस्सा तिखट म्हणून ताट सरकवलं.
दोंडाईच्यात येऊन!

आणि आपला भटू सोनवणे,
दिवसभर पोती वाहतो,
संध्याकाळी पथारीवरची मिरची आवरली की
मोकळ्या जागेत एकटाच बॉल टाकत बसतो
रिकाम्या पिंपावर नेम धरून.
त्याचा चेंडू टप्पा पडेपर्यंत भोळा.
मग वळतो,
उधारीवाला समोर दिसल्यावर
गिऱ्हाईक गल्लीत वळतं तसा.
विचारलं, कसं जमतं रे?
हसला. "बोटेसले मिरची लागेल शे नाना,
चेंडू हातमा ऱ्हातच नही."

फायनल शहाद्याशी.
चार वाजलेले, मॅटिंगखालची माती उकरलेली,
चेंडू हात हात वळत होता,
त्यांच्या त्या म्हाताऱ्याचासुद्धा,
ज्याला रनअपमध्येच धाप लागते.
मी दोरीबाहेरून ओरडलो, भटूला दे! भटूला!
कॅप्टन म्हणजे शेठचा पुतण्या.
त्याने भटूला थर्डमॅनला पाठवलं,
मग लाँगऑनला,
मग परत थर्डमॅनला.
ओझी वाहायची सवय आहे पोराला,
चालेल, असं वाटलं असेल.

तीन ओव्हर, एकोणतीस रन.
बॉल सुरतवाल्याच्या हातात.
जोरात टाकतो, मान्य.
जोरात आलेला जोरातच जातो.
पहिला जिनिंगच्या पत्र्यावर वाजला.
स्लिप काढली.
दुसरा बाभळीत.
पॉइंटही मागे नेला,
आठ माणसं दोरीवर उभी केली
आणि चेंडू त्या आठांच्या डोक्यावरून.
तिसरी ओव्हर टाकायची वेळच आली नाही.

मागून कोणी म्हणालं,
"तुले काय समजस रे क्रिकेटमधलं, मापाडी?"
खरं आहे. मला फक्त वजन समजतं.

एक सांगायचं राहिलं.
टीम ठरली त्या रात्री मी तिथे होतो,
अडतीच्या ओट्यावर, मुद्दाम बोलावलेला.
शेठनी विचारलं, भटूचं काय?
मी म्हणालो, बरा आहे.
बरा.
काटा शेठचा, पगार शेठचा.
आणि मोबाइल पुढे आला तेव्हा
"वा!" असं जे कोणी म्हणालं
तो मीच.

सोमवारी भटूने पोतं आणून काट्यावर ठेवलं.
एरवी मी आकडा पुटपुटतो, कारकून लिहून घेतो.
त्या दिवशी स्टेशनपर्यंत जाईल असा ओरडलो,
एकेचाळीस किलो! कोरडा माल!
अडते वळून बघायला लागले.
कारकुनाचं पेन थांबलं.

भटू जवळ आला, हळूच म्हणाला,
"नाना, बरा शेतस ना तुम्ही?"
आणि पुढचं पोतं आणायला गेला.